गाडी बाहेरगावी नेतो तेव्हा ड्रायव्हर रात्री कुठे झोपतो?

जुईली
दिवाळीनंतर घरचे सगळे गाडी करून महाबळेश्वर-तापोळा करून आलो. हॉटेल आमच्या मानाने महागातलं होतं, खोलीत हीटर वगैरे. पोचल्यावर रिसेप्शनवर विचारलं की ड्रायव्हरची सोय कुठे आहे. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मॅडम, ते गाडीतच झोपतात." ड्रायव्हरदादांना विचारलं तर तेही तेच, "सवय आहे ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका."
सकाळी गाडीच्या काचा आतून घामेजलेल्या, आरशाला टूथब्रश अडकवलेला आणि वायपरवर पंचा वाळत घातलेला. अंघोळ कुठे केली हे विचारायचं धाडस मला झालं नाही.
आता प्रश्न. भाड्यात आपण 'ड्रायव्हर भत्ता' म्हणून देतो, तो नेमका कशाचा असतो? सोय बघायची कोणी: आपण, हॉटेलने की गाडीमालकाने? तुम्ही काय करता?

निर्विकार
भत्ता घेतोय ना? मग त्यात लॉज बघावं. तो पैसे वाचवतो आणि गाडीत झोपतो, त्याची मर्जी. प्रत्येकाची काळजी आपणच वाहायची म्हटलं तर फिरायला कशाला जायचं? उद्या विचाराल की वेटर कुठे झोपतो.

सदाशिव
वेटर कुठे झोपतो ते विचारूच नका. ज्या टेबलावर तुम्ही पनीर टिक्का खाल्लात, रात्री साडेबारानंतर त्याचाच पलंग होतो. :)

जुईली
@निर्विकार, मर्जी असती तर मी धागा काढला नसता. त्या भत्त्यात महाबळेश्वरला कुठे खाट मिळते, तेवढं सांगा.

गाडीवान
इथे वाचनमात्र असतो, पण हा विषय आमचाच निघाला. माझ्या दोन गाड्या आहेत. त्याआधी बरीच वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, म्हणजे दोन्ही बाजू माहीत आहेत.
आधी भत्त्याचा हिशोब. आमच्या लाइनीत दिवसाला तीनशे ते पाचशे चालतो. त्यात दोन वेळचं जेवण, चहा, अंघोळीचे पैसे आणि झोप. गर्दीच्या गावात साधं जेवणच दोन वेळचं अडीचशेला जातं. उरलेल्यात शनिवारी महाबळेश्वरात कोणी पडवीतसुद्धा आडवं होऊ देत नाही. तेव्हा "पैसे वाचवतो" हे अर्धंच खरं. वाचवतोही, कारण पगार कमी आणि घरी पाठवायचे असतात. पण समजा वाचवायचे नाहीत असं ठरवलं, तरी खोली येत नाही.
दुसरं म्हणजे गाडी सोडून लांब झोपता येत नाही. पाहुण्यांचं अर्धं सामान गाडीत असतं. काच फुटली तर मालक पगारातून कापतो. आणि पार्किंगचा वॉचमन रात्री दोनला काचेवर टकटक करतो, "जरा मागे घे रे, एक गाडी काढायची आहे."
तिसरं कोणी बोलत नाही ते सांगतो. पूर्वी पाहुणे गावात पोचल्यावर ड्रायव्हरलाच विचारायचे, "चांगलं हॉटेल दाखव." त्यामुळे हॉटेलवाला ड्रायव्हरला धरून असायचा. कमिशन द्यायचा, जेवण फुकट आणि वर जिन्याखाली का होईना, गादी मिळायची. आता तुम्ही घरूनच मोबाइलवर बुकिंग करून येता. कमिशन गेलं त्याचं मला काही वाटत नाही, ती पद्धत वाईटच होती. पण कमिशनबरोबर गादीपण गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

पायवाट
गाडीवान, काय लिहिलंय! वाचनमात्र राहू नका. कमिशनबरोबर गादी गेली हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

निर्विकार
मग सरळ आहे. भत्ता हजार करा, बिलात दाखवा. आम्ही देऊ.

गाडीवान
दाखवला होता साहेब. बिलात "चालक निवास" अशी वेगळी ओळ टाकली की गिऱ्हाईक "विचार करून सांगतो" म्हणतं आणि दुसऱ्याला फोन लावतं. किलोमीटरचा दर आणि रोजचे किमान 300 किमी यावर कोणी फार बोलत नाही. घासाघीस नेमकी भत्त्यावर होते.

निर्विकार
मी घासाघीस करत नाही.

सदाशिव
सगळे असंच म्हणतात. (हलके घ्या.)

ऱ्हाइन
जर्मनीतून लिहितेय. उन्हाळ्यात इथे मराठी ग्रुप टूर येतात, ओळखीतले कोणी असले की भेटायला जाते. दर वेळी एक तक्रार ऐकते: बसचा ड्रायव्हर फार माजोरी आहे.
माजोरीपणा काय? युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला नऊ तास चालवायची मर्यादा, आठवड्यातून दोनदाच दहा. दोन दिवसांच्या मध्ये साधारण अकरा तासांची सलग विश्रांती. आणि हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं. पोलिसांनी वाटेत थांबवलं की पहिलं तेच बघतात. दंड जबर असतो.
एका ग्रुपचं रात्रीचं जेवण गावाबाहेरच्या भारतीय हॉटेलात ठरलं होतं. वाटेत ट्रॅफिक लागलं, ड्रायव्हरचे तास भरत आले. त्याने बस सरळ मुक्कामाच्या हॉटेलवर आणून लावली. पनीरची भाजी तिकडेच राहिली. टूर मॅनेजर बिचारा हात जोडत होता आणि काकामंडळी म्हणत होती, "अहो, अर्ध्या तासाने काय होतं!" तीच मंडळी दुसऱ्या दिवशी घाटात त्याच ड्रायव्हरचं कौतुक करत होती, काय शांत चालवतो म्हणून.

सदाशिव
म्हणजे तिथे यंत्र ड्रायव्हरच्या बाजूने बोलतं. आपल्याकडे यंत्र फक्त टोलचे पैसे कापतं.

पायवाट
पण ऱ्हाइन, तिथला टूर मॅनेजर आपलाच ना? त्याला कुठलं यंत्र? पहाटे पाचला नाश्त्याची पाकिटं वाटायची, रात्री बाराला कोणाच्या तरी खोलीचं कार्ड चालत नाही म्हणून उठायचं. माझा चुलतभाऊ करतो. सीझनमध्ये त्याची बायको म्हणते, व्हॉट्सअॅपवर निळी टिक आली की कळतं हा जिवंत आहे.

ऱ्हाइन
अगदी. बसवाल्याचे तास भरतात, त्याचे कधीच भरत नाहीत.

अंबेनळी
माझ्या आयडीवरून कळलं असेलच की ज्या घाटातून हे ड्रायव्हर खाली उतरतात तिथलाच मी. जुईलीताई, तुमचे दादा रात्रभर थंडीत आखडून झोपले आणि सकाळी पोलादपूरमार्गे कोकणात उतरायचं असतं, तर तुम्ही सगळे त्याच गाडीत असता. दया, माणुसकी वगैरे सोडा. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याची झोप झाली का, हा आपल्याच जिवाचा प्रश्न आहे.
कायद्याचंही थोडं. आपल्याकडे तास ठरवलेलेच नाहीत असं नाही. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास अशी मर्यादा होती. 2020 च्या श्रमसंहितेत तो विलीन केला. पण तो लागू व्हायचा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत तो कधी त्यात आलाच नाही, आणि पर्यटनातल्या बहुतेक गाड्या अशाच लोकांच्या.
तमिळनाडूने मात्र वेगळा रस्ता काढला. 2023 मध्ये त्यांनी बांधकामाच्या नियमांतच बदल केला आणि पाहुण्यांच्या ड्रायव्हरसाठी झोपायची व स्वच्छतागृहाची सोय हॉटेल-लॉजच्या आवारात किंवा जवळ असलीच पाहिजे असं केलं. गाडीमालकाच्या मागे लागण्यापेक्षा हे शहाणपणाचं वाटतं. गाड्या फिरत्या असतात, हॉटेल कुठे पळून जात नाही.

सुरूबन
हॉटेलवाल्यांना झोडपायच्या आत माझंही ऐका. दापोली तालुक्यात समुद्राजवळ आमचं छोटं हॉटेल आहे, घरचंच.
ड्रायव्हरसाठी मी खोली बांधली आहे. तीन खाटा, पंखा, संडास-बाथरूम, चार्जिंगला प्लग. पैसे घेत नाही. पण ती बांधताना घरात भांडण झालं, कारण तेवढ्याच जागेत पाहुण्यांची एक खोली झाली असती आणि मे महिन्यात ती एक दिवस रिकामी राहिली नसती. वडिलांचं म्हणणं, "शेजारी कोणी देतं का? मग आपणच का?" शेजारी खरंच देत नाही, आणि त्याचं काही अडतही नाही. मला कधी कोणा पाहुण्याने बुकिंग करताना ड्रायव्हरबद्दल विचारलेलं नाही. एसी चालतो का, सुरमई ताजी आहे का, बीच किती पावलांवर, हे सगळे विचारतात. तमिळनाडूसारखा नियम आला तर मला आनंद आहे, कारण मग शेजाऱ्यालाही बांधावी लागेल.
आमच्या स्टाफचं म्हणाल तर कोकणात धंदा शनिवार-रविवार, नाताळ, दिवाळी आणि मे. बाकी दिवस कुत्रं फिरकत नाही. बारा महिने पगार द्यायचा तर हिशोब बसत नाही. नाही दिला तर पोरगा मुंबईला जातो आणि परत येत नाही. गावातली पोरं केव्हाच गेली. आता नेपाळ आणि ओडिशाची मुलं आहेत. गर्दीच्या दिवसांत सकाळी सहाच्या चहापासून रात्री अकराच्या सोलकढीपर्यंत तीच मुलं असतात, हे मी नाकारत नाही. आमच्यासारखी पाच-सात माणसांची ठिकाणं 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या बहुतेक तरतुदींच्या बाहेर आहेत, त्यामुळे तपासायला कोणी येत नाही. दोन वर्षांपासून मी दुपारी तीन ते सहा किचन बंद ठेवतो. गुगलवर त्याबद्दल एक तारा देणारे भेटले. "मुलांना चारला भूक लागली, भजी मिळाली नाहीत."

जुईली
सुरूबन, तीन ते सहा बंद ही पाटी बाहेर लावता का? कारण लिहून लावली तर कदाचित एक ताराही येणार नाही.

सदाशिव
पुण्यात एक ते चार बंद ठेवलं तर विनोद होतात, कोकणात तीन ते सहा ठेवलं की कामगारहित. चितळ्यांना कोणीतरी न्याय द्या.

लिंबलोण
हॉटेलवर एवढं झालं, घरगुती निवासावर कोणीच बोललं नाही. माझी मावशी गुहागरकडे असते. घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतात. पाटीवर काकांचं नाव, फोनवर काका बोलतात, पाहुणे काकांबरोबर फोटो काढतात. पहाटे उठून घावन, दुपारी माशाचं ताट, संध्याकाळी "मावशी, उकडीचे मोदक मिळतील का?" आणि रात्री दहाला उशिरा पोचलेल्यांसाठी पुन्हा भात, हे सगळं तिचं. घरच्यासारखं जेवण म्हणजे घरच्या बाईचे कामाचे तास कोणी मोजायचे नाहीत. पैसे काकांच्या खात्यावर येतात.
काका वाईट नाहीत. त्यांना हे काम वाटतच नाही, कारण ती तसंही स्वयंपाक करतच होती. चार माणसांचा आणि चौदा माणसांचा यातला फरक त्यांना बाजारहाटाच्या बिलात दिसतो, तिच्या पाठीत नाही.
राज्य सरकारचं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण 2023 मध्ये आलं. महिलेच्या नावावरच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार परत करतं. मी मावशीच्या मागे लागले आहे की निवासाची नोंदणी स्वतःच्या नावावर कर. काकांची हरकत नाही. मावशीचीच आहे: "मग बँकेतही मलाच जावं लागेल, तेव्हा भाजी कोण निवडेल?"

मांडवी
गोव्यातून. आमच्याकडे या विषयाची दोन टोकं एकाच घरात मिळतात.
माझा भाऊ तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. क्रूझवर वेटर. काम दमवणारंच, करार सात-आठ महिन्यांचा, सुट्टीचा दिवस असा नाहीच. पण 2006 च्या सागरी श्रम करारामुळे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते, भारतानेही 2015 मध्ये त्याला मान्यता दिली. तासांच्या नोंदीवर सही करून घेतात. नोंदीत खोटेपणा चालतो, तो स्वतः सांगतो, पण निदान वही तरी आहे. बंदरात कोणी अधिकारी चढला तर ती वही मागतो.
आणि आमच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या हॉटेलांत, वहीच नाही. ऑक्टोबरात शॅक उभे राहतात, मे अखेरीस काढतात. पोरं त्यातच झोपतात, वाळूवर प्लायवूड टाकून. पावसाळ्यात पगार नाही, गावी जायचं. मालकाला विचारलं तर म्हणतो, माझाच परवाना हंगामाचा, मी वर्षाची नोकरी कुठून देऊ? हेही खोटं नाही. मग टीप. टीप सगळी पोराला मिळते असं समजू नका. काही ठिकाणी बरणीत जमा होते आणि बरणीची किल्ली मालकाकडे.

निर्विकार
हे बघा, मी पहिल्यापासून हेच म्हणतोय. सगळीकडे तीच गत आहे. मग मध्यमवर्गाने वर्षातून एकदा फिरायलाही जाऊ नये का? सगळं नियमाने केलं तर महाबळेश्वर सिंगापूरच्या भावात पडेल.

अंबेनळी
आकडे मांडून बघा. तीन दिवसांच्या सहलीत ड्रायव्हरच्या खाटेचे रोजचे चारशे धरले तर दोन रात्रींचे आठशे. गाडीत सहाजण. माणशी दीडशेच्या आत. मॅप्रोत स्ट्रॉबेरी क्रीमला याहून जास्त मोजता.

निर्विकार
स्ट्रॉबेरी क्रीम मी खात नाही. पण ठीक आहे, मुद्दा पोचला. ड्रायव्हरपुरता.

नेरळी
माथेरानचं कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालायचं, घोडा करायचा किंवा हातरिक्षा. एक जण पुढून ओढायचा, दोघे मागून ढकलायचे, उतारावर तेच दोघे मागे ओढून धरायचे, नाहीतर पुढचा माणूस चाकाखाली जायचा. लाल धुळीने पाय गुडघ्यापर्यंत रंगायचे. आणि आत बसलेले रील काढायचे.
या रिक्षावाल्यांनीच मागणी केली की आम्हाला ई-रिक्षा द्या. डिसेंबर 2022 मध्ये सात ई-रिक्षांचा तीन महिन्यांचा प्रयोग झाला. शाळेच्या मुलांना पाच रुपयांत जाता यायला लागलं, तो गावासाठी सणच होता. मग सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ई-रिक्षा द्यायच्या त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच. हातरिक्षेचे परवाने 94, ई-रिक्षा मंजूर 20. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि चालकांचं पुनर्वसन करा असा आदेश दिला. गुजरातमधल्या केवडियासारखी भाड्याने ई-रिक्षा देण्याची योजना आखा, आणि पैसे नाहीत हे कारण चालणार नाही, असंही बजावलं.
आता खोच. माथेरानात साडेचारशेच्या वर घोडे आहेत, त्यांच्यावर पोट असलेली कुटुंबं आहेत. त्यांचा ई-रिक्षेला विरोध होता आणि तो उगीच नव्हता. रिक्षावाल्याची पाठ सुटते तेव्हा घोडेवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं. माथेरानप्रेमी म्हणतात ई-रिक्षा आली की शांतता गेली. मी त्यांना विचारतो, तुमची शांतता आजवर कोण ओढत होतं? पण घोडेवाल्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

पादुका
गिरनारला जाणाऱ्या मराठी मंडळींनी डोली पाहिलीच असेल. पायथ्याशी काट्यावर वजन करतात आणि वजनावर भाडं. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू काट्यावर बसताना चपला काढून ठेवत होत्या, पर्स नवऱ्याकडे दिली, आणि हसत होत्या. डोलीवाला मात्र काट्याचा आकडा बघून साथीदाराला काहीतरी पुटपुटला. त्याच्यासाठी तो आकडा म्हणजे हजारो पायऱ्या खांद्यावर. 2020 मध्ये रोपवे झाला, पण तो अंबाजीपर्यंत. दत्तशिखराला पुढे पायऱ्याच आहेत. मी स्वतः चालत गेलो, पण ज्यांना गुडघ्यांमुळे शक्य नाही त्यांनी डोली करू नये असं म्हणायची माझी हिंमत नाही. डोली केली नाही तर तो माणूस त्या दिवशी उपाशी.

सदाशिव
धागा महाबळेश्वरहून निघून जर्मनी, गुहागर, गोवा, माथेरान करत जुनागढला पोचला. ड्रायव्हर अजून पार्किंगमध्येच आहे, कोणीतरी त्याला चहा विचारा.

जुईली
हाहा, विचारते. थोडं विषयांतर मीच होऊ दिलं, कारण शिकायला मिळत होतं. आता सांगा, पुढच्या वेळी करायचं काय? टीप द्यायची? वेगळी खोली घ्यायची? आमच्या घरात अशीही सूचना आली की ड्रायव्हरला आपल्याच खोलीत एक्स्ट्रा बेड द्यावा. मला ते त्यालाच अवघड वाटेल असं वाटतं.

गाडीवान
ताई, तुमच्या खोलीत नको. त्याला पाय पसरून, बनियनवर, बायकोशी फोनवर बोलत झोपायचं असतं. तुमच्यासमोर तो रात्रभर सावधान झोपेल.
मी सांगतो काय करा. हॉटेल बुक करतानाच विचारा, ड्रायव्हरला खाट आणि बाथरूम आहे का. "ड्रायव्हर रूम आहे" एवढ्यावर थांबू नका, किती जणांत, गादी आहे का, पाणी आहे का ते विचारा. मी जनरेटरच्या शेजारी, एका बल्बखाली नऊ जण झोपलेली ड्रायव्हर रूमही पाहिली आहे, त्यापेक्षा गाडी बरी. नसेल तर गावात डॉर्मेटरीत तुम्हीच बेड घ्या आणि पैसे थेट तिथे भरा. रोख हातात दिलेत तर दहातले सात जण ते वाचवून गाडीतच झोपतील, मीही तेच करायचो.
आणि गाडी ठरवतानाच शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम सांगा. रात्री अकराला घरी सोडून त्याच ड्रायव्हरला पहाटे चारला विमानतळाचं भाडं असतं. ते तुम्हाला दिसत नाही. माझ्याकडे मी दोन भाड्यांत आठ तासांचं अंतर ठेवतो. त्यामुळे मे महिन्यात भाडी सुटतात, सुटू देत.

निर्विकार
आठ तासांचं अंतर ठेवता हे जाहिरातीत लिहा. मी त्याच गाडीवाल्याला फोन करेन. उपरोधाने म्हणत नाहीये.

गाडीवान
लिहितो साहेब. पण भत्त्यावर घासाघीस नको.

सुरूबन
एक भर. विचाराल ते बुकिंग साइटच्या चॅटवर नका विचारू, तिथे ठरावीक उत्तर येतं. हॉटेलला फोन करा. दहा जणांनी फोनवर तोच प्रश्न विचारला की मालक नोंद घेतोच. आणि राहून गेल्यावर परीक्षणात लिहा, वाईट असेल तर वाईट, चांगलं असेल तर तेही. माझ्या हॉटेलच्या परीक्षणात ड्रायव्हरच्या खोलीचं एक वाक्य आलं असतं, तर वडिलांना दाखवायला बरं झालं असतं.

लिंबलोण
आणि घरगुती ठिकाणी उतरलात तर रात्री नऊनंतर पोचणार असाल तेव्हा वाटेत जेवून जा. मोदक आदल्या दिवशी सांगा.

पायवाट
सुरूबन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय. जानेवारीत येतो, ड्रायव्हरसकट सातजण. एसी चालतो ना? आणि सुरमई?